शेवटची कड

मी एक जुने पाते आहे, मित्रांनो. राउटर मशीनच्या तोंडात मला घट्ट आवळतात आणि मी फळीच्या टोचऱ्या कडांना गोलाई देते. कारखान्यातून निघाले तेव्हा मी आरशासारखे चकाकत होते. मग एका सुताराच्या हाती आले आणि त्याचेच झाले.

कठीण लाकूड मोठे मानी असते. मी एका जागी जरा रेंगाळले की ते तापून काळे पडते. म्हणून सुतार थोडे थोडे लाकूड काढी आणि शेवटचा हात अगदी कागदाएवढा पातळ फिरवी, मध्ये न थांबता. मुलीने चहाला हाक मारली, तर तो ओरडे, "चहा थांबेल, पातं थांबून चालणार नाही!"

त्याची बायको म्हणे, "जगाची टेबलं घडवता, आपलं मात्र डुगडुगतंय!"

अखेर त्याने तिचे टेबल करायला घेतले. तीन कडा झाल्या. चौथीवर शेवटचा हात तेवढा उरला असताना तो मध्येच थांबला. त्याने छातीवर हात ठेवला. माझ्याखाली लाकूड काळे पडले. मशीन कसेबसे बंद करून तो खाली बसला, तो पुन्हा उठला नाही.

कित्येक महिने मी तसेच पडून होते, अंगावर लाकडाची चिकट राळ वाळलेली.

एके दिवशी मुलीने मशीन उचलले. आधी एका टाकाऊ तुकड्यावर मला चालवले, तर तो जळला.

"मला नाही जमणार गं, आई. पातं गेलं बहुतेक."

"गेलं कसलं! आधी त्याला आंघोळ घाल. तुझे बाबा घालायचे."

तिने मला भिजवले, ब्रशने घासले. दुसरा तुकडा स्वच्छ निघाला. तरी ती त्या कडेपाशी उभीच राहिली.

"हा डाग राहू दे का? बाबांचा हात इथं थांबला."

आईने डागावर बोट ठेवले. "डागाचं टेबल त्यांनी कधी दाराबाहेर जाऊ दिलं? मग माझ्याच गळ्यात मारतील होय? काढ तो."

मुलीने मशीन सुरू केले. त्या जागी तिचा हात जड झाला, मला कळले. पण तो थांबला नाही. काळसर भुसा उडाला आणि खाली ताजे लाकूड दिसले.

मित्रांनो, काम संपले की आमच्या अंगावरची राळ पुसत जा. आम्ही जुनी असतो, निकामी नसतो. आणि त्या घरी कधी जेवायला बसलात, तर टेबलाच्या कडेवरून हात फिरवा. सुतार कुठे थांबला होता, ते तुम्हाला सापडणार नाही.