मुठीचं धान्य

मला राग फार लवकर येतो. देहऱ्याच्या अलीकडे एस.टी. बंद पडली तेव्हा मी ड्रायव्हरवर असा काही खेकसलो, की माझ्या बायकोने, सरोजिनीने, माझी बाही ओढली. तिचे नऊ महिने भरत आले होते. आधीची दोन बाळं जन्मताच गेली होती, म्हणून या खेपेला मी तिला देवळाली प्रवऱ्याहून नगरच्या दवाखान्यात आठ दिवस आधीच न्यायला निघालो होतो. आणि आता सन त्र्याहत्तरच्या एप्रिलात, भर दुपारी, आम्ही उघड्या माळावर उभे. तिथेच तिला कळा सुरू झाल्या.

रस्त्यालगत दुष्काळी काम चालू होतं. खडी फोडणाऱ्या बायांतली एक उठून आली. पन्नाशीची, काटकुळी, लुगडं धुळीने माखलेलं. सरोजिनीकडे एकदा बघून ती मला म्हणाली, "मास्तर दिसताय. हितं उभं राहून काय परीक्षा घेताय व्हय तिची? चला, माजं घर हाकेवर हाय." आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. सरोजिनीच्या काखेत हात घातला आणि त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून चालू लागली.

खोपटाशी आल्यावर मला दाराबाहेरच बसवलं. आत सरोजिनी "येशू, येशू" म्हणून कण्हायला लागली.

"आगं माज्या माये!" ती बाई म्हणाली. "आपलीच का तू? मी बनुबाई. आमी बी येशूचीच. भिऊ नको."

मला रडू कोसळलं. ओळख निघाली म्हणून नव्हे. ओळख निघायच्या आधीच तिने दार उघडलं होतं, म्हणून.

तास गेला, दुसरा गेला. सरोजिनी सकाळपासून उपाशी होती, अंगात जोर उरला नव्हता. "पोटात काय तरी घालाया पायजे," म्हणत बनुबाईने धान्याच्या मडक्यात हात घातला. मडकं रिकामं, मला उघड्या दारातून दिसत होतं. मग तिने कोनाड्यातला डबा काढला. त्यावर खडूने क्रूस काढलेला होता. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत असा डबा घरोघर असतो. दर स्वयंपाकाला बाई एक मूठ धान्य देवासाठी त्यात टाकते आणि रविवारी उपासनेला नेते. एरवी त्याला कोणी हात लावत नाही. मी देवळालीच्या मंडळीचा डीकन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारा. एका बाईने मुठीची बाजरी घरात शिजवली म्हणून मागच्याच महिन्यात मी तिला भर मंडळीत खडसावलं होतं.

"बाई, ते देवाचं आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. सवयच ती.

"मग?" डब्यातली सरकारी रेशनची तांबडी मिलो ज्वारी जात्यात टाकत ती म्हणाली. "लेकरू कुनाचं हाय?"

देवळालीच्या त्या बाईला काय काय बोललो होतो ते सगळं आठवलं आणि मान वर करवेना. बनुबाईने भरड काढली, मीठ टाकून पातळ घाटा शिजवला आणि घोट घोट करून सरोजिनीला पाजला. स्वतः नुसतं पाणी प्यायली.

ऊन उतरायच्या आत आतून रडण्याचा आवाज आला. आमची आधीची दोन रडली नव्हती. ही रडत होती आणि रडायची थांबतच नव्हती. मुलगी झाली होती. मी तिथेच मातीत गुडघे टेकले.

कामावरच्या साहेबांची जीप नगरला निघाली होती, तिच्यात आमची सोय झाली. निघताना मी म्हणालो, प्रार्थना करू या. रविवारी अर्धा अर्धा तास प्रार्थना करणारा माणूस मी. पण "हे प्रभू" च्या पुढे शब्दच निघेना. मग बनुबाईनेच डोक्यावर पदर घेतला.

"देवा," ती म्हणाली, "दुकाळ पडल्यापून माज्या दारात कुनी पावना आला न्हवता. आज तू एकदम तीन धाडलेस. तुजे लई उपकार झाले."