बाईंचा आवाज माझ्याकडे होता

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. घशाच्या दवाखान्यातल्या सर्व्हरमध्ये, खालच्या खणात बसते. वरच्या खणात माझी जुळी बहीण होती. जे माझ्यावर लिहिलं जाई, तेच तिच्यावरही. एक गेली तरी दुसरी राहावी, म्हणून ही सोय. पाच वर्षं आम्ही एकही सुट्टी न घेता फिरलो. कौतुक कोणी केलं नाही, आम्ही मागितलंही नाही.

एक शिक्षिका चार दुपारी येऊन शेजारच्या खोलीत माइकसमोर वाचत बसल्या. त्यांचं स्वरयंत्र काढायचं होतं. पुढे यंत्राने त्यांच्याच आवाजात बोलावं, म्हणून ही धडपड. शेवटी मुलीला म्हणाल्या, "अगं, ते दार ओढून घे, वारा येतोय." तेही आम्ही जपून ठेवलं. दवाखान्याच्या बाकी नोंदी कागदावरही होत्या. हा आवाज फक्त आम्हा दोघींकडे.

मग बहीण बंद पडली आणि सर्व्हर टीं टीं करू लागला. व्यवस्थापक वैतागले. "डोकं उठवलंय यानं. आधी तो आवाज बंद करा." तंत्रज्ञाने केला. "दुसरी आहे ना," म्हणत सगळे तीन महिने निवांत. मी एकटी ओझं वाहत होते. रागही येई आणि भीतीही वाटे.

अखेर तंत्रज्ञाने नवी डिस्क आणून बहिणीच्या जागी बसवली. आता माझ्यावरचं सगळं तिच्यावर उतरवायचं होतं. कुठून कुठे, ते सर्व्हरला सांगावं लागतं. त्याने उघडून बघितलं नाही, नुसतं विचारलं.

"साहेब, चांगली कुठली? वरची ना?"

"हो, वरचीच. उरका लवकर, पेशंट खोळंबलेत."

वरची कोरी होती. ते कोरेपण इमानेइतबारे माझ्यावर उतरवलं गेलं. मी धडधाकट होते हो, आणि शब्द न् शब्द पुसला जाताना काही करू शकत नव्हते. हिरवा दिवा लागला. तंत्रज्ञाला शाबासकी मिळाली.

महिन्याने बाई मुलीला घेऊन आल्या. बरीच शोधाशोध झाली. "निदान एखादं वाक्य?" मुलीने विचारलं. व्यवस्थापक गोड हसून बाईंना म्हणाले, "काळजी नको. पुन्हा चार दिवस येऊन वाचा, परत रेकॉर्ड करू."

बाईंनी गळ्यावरचा रुमाल सोडून ऑपरेशनचं भोक दाखवलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या दोघी शेजारी बसवल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. यंत्र ओरडलं तर त्याचं तोंड दाबण्याआधी ते काय म्हणतंय ते ऐका. दवाखान्याच्या वहीत माझ्यापुढे 'सुस्थितीत' असं लिहिलंय. दुर्दैवाने ते खरं आहे.