भिंतीच्या कोपऱ्यातली जागा

तिनं ओंडका बोटीच्या नाकाखाली लोटला, हात झटकन मागे घेतला आणि वर विंचच्या खोपटाकडे पाहून ओरडली,

"ओढा!"

वर इंजिन धडधडलं. वाळूत लोळत पडलेली तार ताठ झाली, बोट एकदा कण्हली आणि हातभर वर सरकली. मागून सुटलेला ओंडका दोघांनी उचलून पळत पुढे आणला, तिनं तो पुन्हा नाकाखाली घातला. पुन्हा "ओढा!" सकाळपासून किनाऱ्यावर दुसरा शब्द नव्हता.

अंधार पडता पडता वादळ धडकणार, असं सांगत सरकारी जीप भोंगा लावून रस्त्यावरून फिरत होती. वरातीमागून घोडं. किनाऱ्यावरच्या माणसांना हे आदल्या दिवशीच समजलं होतं. लाटा लांबून, आळसावल्यासारख्या येत होत्या आणि फुटताना मात्र पायाखालची जमीन हलत होती. बायकापोरं टेकडीवरच्या शाळेत गेली होती. खाली उरले होते ते बोटी ओढणारे पुरुष, आणि ही एकटी बाई. ओंडके लावायला तिच्याइतका नेमका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून तिला कुणी जा म्हटलं नाही.

विंच तिच्या सासऱ्यांची. सगळा किनारा त्यांना विंचवाले काका म्हणायचा. खरं नाव त्यांचं त्यांनाच आठवावं लागलं असतं. इंजिन जुनं, ब्रेक त्याहून जुना. ब्रेकची दांडी उजव्या गुडघ्यानं दाबून धरायची आणि किती दाबायची ते तारेच्या आवाजावरून ओळखायचं. मागे एकदा ते तापानं आडवे असताना दुसऱ्या कुणी तिथे हात घातला, तर अर्ध्या चढावरून बोट सुटली आणि पाण्यात जाऊन आडवी झाली. तेव्हापासून त्या कामाला कुणी शिवत नसे. थोडक्यात, आज किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटी एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर होत्या.

आणि म्हणूनच तिनं तोंड शिवून घेतलं होतं.

सगळ्यांत शेवटी, आज सकाळी, पाहुण्याची बोट परत आली होती; तिच्या नवऱ्याची तेवढी अजून बाहेर होती. पाहुणा म्हणजे या किनाऱ्याचा जावई. लग्न करून इथेच राहिला, त्याच्या पोरांना मिसरूड फुटलं, तरी नाव पाहुणाच. त्यानं तिला जाळ्यांच्या ढिगामागे बोलावलं आणि आपली ओली टोपी पिळत उभा राहिला.

"वहिनी, बोट दिसली."

तिच्या चेहऱ्यावर हसू आलंसुद्धा.

"पालथी," तो म्हणाला.

टोपीत पाणी उरलं नव्हतं, तरी तो पिळतच होता.

"डिझेल संपायला आलं तोवर फेऱ्या मारल्या. हाका मारल्या. कुणी नव्हतं वहिनी. कुणीच नव्हतं."

तिला रडू आलं नाही. ती ढिगावर बसली. बसल्या जागेवरून तिला वरचं खोपट दिसत होतं. दारात सासरे वाकून इंजिनासाठी तेलाचा डबा उघडत होते.

"बाबांना सांगितलंत?"

"हिंमत झाली नाही."

"सांगू नका. सगळ्या बोटी वर चढेपर्यंत त्यांच्या कानावर जाता कामा नये. ते खचले तर सगळ्यांचंच जाईल."

"आणि तुम्ही?"

"मी ओंडके लावते," ती म्हणाली आणि उठली.

पण असली गोष्ट लपते थोडीच. पाहुण्याच्या खलाशांनी शेजारच्यांना सांगितलं, त्यांनी पुढच्यांना. दुपारपर्यंत म्हातारा सोडून सगळ्यांना कळलं होतं, हे तिनं माणसांच्या वागण्यावरून ओळखलं. एरवी ओंडक्याला जरा उशीर झाला की सात पिढ्यांचा उद्धार करणारी माणसं आज "सावकाश वहिनी" म्हणत होती. त्यांच्या त्या सभ्यपणाचा तिला राग आला. एकानं तरी शिवी द्यावी असं तिला वाटलं.

एकेक बोट वर चढून आपापल्या जागी बसत गेली. किनाऱ्यावर जागा ठरलेल्या होत्या, बापाची मुलाकडे जायची. सगळ्यांत चांगली जागा भिंतीच्या कोपऱ्यातली. तिथे समुद्राची भिंत काटकोनात वळत होती, वारा डोक्यावरून जायचा आणि पाणी कधी पोचायचं नाही. ती जागा सासऱ्यांची होती. ते समुद्रावर जायचे थांबले तेव्हा त्यांच्या मुलाची झाली. एक रीत मात्र सगळ्यांना सारखी होती. बोट बाहेर असेल तर तिची जागा मोकळी ठेवायची. तिथे जाळं वाळत घालायचं नाही, बसून विडी ओढायची नाही. जागा भरली याचा अर्थ बोट गेली, असं सगळा किनारा समजत असे.

सकाळी शाळेकडे निघताना सासूबाई त्या जागेपाशी येऊन गेल्या होत्या. बगलेत मुलाच्या सुक्या कपड्यांचं गाठोडं होतं.

"त्याची जागा कुणाला देऊ नका हं. येईल तो. भिजून येईल, म्हणून कपडे घेतलेत."

तेव्हा तिला पाहुण्यानं सांगून अर्धा तासही झाला नव्हता. ती म्हणाली होती, "जपून जा आई, वाट निसरडी आहे."

दुपार कलली. वर दाटीवाटीनं बोटी बसल्या, दोरखंडांनी एकमेकींना बांधून झाल्या. खाली पाण्यात एकच राहिली, पाहुण्याची. जावयाला पंगतीत पहिला पाट आणि किनाऱ्यावर शेवटची जागा. त्याची जागा पार खालच्या टोकाला होती, तिथे आता लाटा लोळत होत्या. दोन नांगर टाकून त्यानं बोट उथळ पाण्यात धरली होती. तो काही मागत नव्हता. इतरांसारखा कालच परतला असता तर वर कुठेतरी दोन बोटींच्या मधे त्याला चिकटवून घेतलं असतं. तो फेऱ्या मारत राहिला, म्हणून उशीर झाला. तिच्या नवऱ्याला शोधता शोधता स्वतःची बोट घालवून बसला होता आणि तिच्याकडे पाहायचंही टाळत होता.

तिनं थर्मास घेतला आणि खोपटाकडे गेली. दरवेळी ती आत जाऊन कोपऱ्यातल्या ताडपत्रीच्या घडीवर बसायची आणि दोघं चहा प्यायची. आज तिचा पाय उंबऱ्याला लागायच्या आत सासरे बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि वाऱ्यात उभे राहिले.

"आत तेल सांडलंय. घसरशील."

त्यांनी कप घेतला. ती मुद्दाम वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तरी विचारायला नको.

"काही खाल्लंस?"

"हो. तुम्ही?"

"मघाशीच."

दोघांच्याही पोटात सकाळपासून कण गेलेला नव्हता. कालपर्यंत दर घटकेला डोळ्यांवर हात धरून लांब पाण्याकडे पाहणारा हा माणूस आज एकदाही तिकडे पाहत नव्हता. कामाच्या धबडग्यात सुचलं नसेल, असं तिला वाटलं, आणि बरंच झालं असंही वाटलं.

"पाहुण्याच्या बोटीचं काय करायचं?" तिनं विचारलं.

"तू सांग."

"मी काय सांगणार? जागाच नाही."

ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, कपातला चहा गार होईपर्यंत. मग उरलेला चहा त्यांनी वाळूत ओतला.

"हं," म्हणाले आणि आत गेले. दार पुन्हा लागलं.

ती खाली आली तेव्हा एका नांगराचा दोर तुटला होता. पाहुणा आणि त्याचे खलाशी छातीभर पाण्यात उतरून बोटीला पाठ लावून उभे होते. लाट आली की बोट त्यांना उचलून टाकायची. बाकीची माणसं एकमेकांकडे न बघता चपला शोधू लागली. झालं ते झालं, आता जीव घेऊन शाळेत जायचं. आपापली बोट वर असली की माणसाला शहाणपण लवकर सुचतं.

पण इंजिन बंद होत नव्हतं. ती त्या आवाजाकडे वळली. सासरे दारात उभे होते.

"तार खाली न्या!"

"कशाला काका?" कुणीतरी विचारलं.

"कशाला म्हणजे? राहिलीय ना एक?"

"पण जागा..."

"आहे की. भिंतीच्या कोपऱ्यात."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, जणू तिनंच चुगली केली होती. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की ज्यानं कुणी सांगितलं, त्याला मी सोडणार नाही. मग वाटलं, म्हाताऱ्याला अजून माहीत नसेल. एका रात्रीपुरती जागा देतोय, उद्या मुलगा आला की काढू म्हणतोय. हे दुसरं पहिल्यापेक्षा वाईट होतं. ती धावत चढ चढून गेली.

"बाबा, ती जागा..."

"बोट बाहेर असली की मोकळी ठेवायची. माहीत आहे मला. ही रीत माझ्याच बापानं घातलीय."

ते आत वळले. या खेपेला दार त्यांनी उघडंच टाकलं. आत तेल कुठेच सांडलेलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री बाजूला सारली आणि तिच्याखालून एक फळी ओढून काढली.

"तिथली वाळू भुसभुशीत झालीय. नुसते ओंडके रुततील. खाली हे घाल."

बोटीतल्या बर्फाच्या पेटीचं झाकण होतं ते. पिवळंजर्द. विंच रंगवून उरलेला रंग सासऱ्यांनीच त्याला फासला होता, डबा तिनं धरला होता. "बाबा, लोकांना वाटेल मी मासे नाही, लिंबं विकतो," असं म्हणून नवरा हसला होता. असं झाकण साऱ्या किनाऱ्यावर दुसरं नव्हतं. एका बाजूची बिजागरी लाकडासकट उपटून निघाली होती. कडेला अडकलेलं शेवाळ वाळून काळं पडलं होतं; ते आजचं नव्हतं.

काल ओहोटीच्या वेळी सासरे एकटेच पाण्याच्या कडेनं लांबवर जाऊन आले होते. आल्यावर त्यांनी फावडं घेऊन भिंतीच्या कोपऱ्यातली वाळू सारखी केली होती, बराच वेळ, नको तितकी. पोरगा यायचा म्हणून जागा करताहेत, असं तिला वाटलं होतं. तिनं हौसेनं खडे वेचून दिले होते.

ते झाकण पुढे धरून उभे होते आणि तिच्याकडे पाहत होते. तिनं दचकायला हवं होतं. निदान विचारायला हवं होतं, हे कुठे सापडलं म्हणून. ती दचकली नाही, तिनं विचारलं नाही. हात पुढे करून झाकण घेतलं. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम सैल पडला. खालचा ओठ त्यांनी दातांत धरला.

"सकाळपासून?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली.

"जा," ते म्हणाले. "भरती थांबायची नाही."

भिंतीच्या कोपऱ्यात तिनं गुडघे टेकले, वाळू हातानं सपाट केली आणि पिवळी बाजू खाली करून झाकण बसवलं. वरून दोन्ही तळवे टेकून दाबलं. जेवढं दाबायला हवं होतं त्याहून जास्त वेळ दाबलं. मग त्यावर ओंडका ठेवला. खाली पाहुण्याच्या बोटीला तार अडकवली होती. चपला घालून निघालेली माणसं पुन्हा अनवाणी होऊन पाण्यात उतरली होती.

"ओढा!" ती ओरडली. आवाज फाटला, पण वरपर्यंत पोचला.

बोट वर आली. एका जागी तार सरकन घसरली. वर गुडघा घट्ट झाला असावा, कारण बोट जागच्या जागी थांबली आणि पुन्हा चढू लागली. झाकणावरून जाताना लाकूड करकरलं. मग बोट भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन अशी बसली की जणू तिथलीच होती. पाहुण्यानं येऊन हात जोडले आणि तो मागे फिरला.

इंजिन बंद झालं. इतका वेळ ते होतं म्हणून समुद्राचा आवाज किती वाढलाय ते कळलं नव्हतं.

सासरे लंगडत खाली आले. उजवा गुडघा सुजून पॅन्ट घट्ट झाली होती. तिनं त्यांचा हात खांद्यावर घेतला आणि दोघं टेकडी चढू लागले. पाऊस सुरू झाला होता, आडवा, खारट. आता इथे कुणी बघत नव्हतं आणि बोटीही सगळ्या वर होत्या, तेव्हा ती रडली. तेही रडत असावेत. त्यांनी तोंड पावसाकडे वळवलं होतं.

शाळेचे दिवे दिसायला लागले तेव्हा तिनं विचारलं, "आईंना?"

"आज नको. वादळ सरू दे."

सासूबाई वर्गाच्या दारातच उभ्या होत्या. बगलेत गाठोडं तसंच होतं. त्यांनी आधी दोघांच्या मागे पाहिलं, अंधाऱ्या वाटेकडे, मग नवऱ्याकडे.

"जागा ठेवलीत ना त्याची?"

सासरे वाकून चपला काढत होते. पट्टा सुटत नव्हता. त्यांनी तो बराच वेळ सोडवला.

"ठेवली," ते म्हणाले.

"मग येईल," सासूबाई म्हणाल्या.

तिनं त्यांच्या हातातून गाठोडं घेतलं. दारात पाऊस आत येत होता, आणि कपडे भिजले असते.