ज्योत वाकली पाहिजे

मित्रांनो, पितळेचा आहे म्हणून मला अजून कोणी फेकले नाही, एवढेच. मेणबत्ती लावायचा मी एक जुना स्टँड. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पुढे लंडनच्या एका चर्चमध्ये मी वर्षानुवर्षे उजेड दिला. विजेचे दिवे आले आणि माझी रवानगी ईस्ट एंड या लंडनच्याच कामगार वस्तीतल्या मुलींच्या शाळेत झाली.

तिथे थॉर्नलीबाईंनी मला भलत्याच कामाला जुंपले. त्या वस्तीत 'ह' कोणी उच्चारतच नाही. 'हाउस'ला सगळे 'आउस' म्हणतात. बाई मुलींच्या तोंडासमोर मला धरत. 'ह' म्हटला की श्वासाने ज्योत वाकायची. नाही वाकली तर हातावर छडी.

एफी हॉकिन्सची आई जॅमच्या कारखान्यात उकळत्या हंड्यांपाशी राबायची. एफीला तिथे जायचे नव्हते. तिला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी हवी होती, आणि तिथे बोलणे शुद्ध लागते.

बाईंनी तिला घराचे चित्र दाखवले. "हे काय?"

"ॲन आउस, बाई."

"ॲन? अगं, 'अ हाउस'!"

"पण तुम्हीच म्हणालात ना, शब्द स्वराने सुरू झाला की 'ॲन'? माझा तर 'आ'नेच होतो."

"फार चुरूचुरू चालते गं जीभ! कर हात पुढे."

पोरगी खरे तेच बोलली होती. पण मग ती हट्टाला पेटली. मधल्या सुट्टीतही माझ्यासमोर बसून 'हॅट', 'हॉर्स' घोकायची.

"घरी असं बोलले की आई म्हणते, आल्या बघा राणीसाहेब!" असे सांगून स्वतःच हसायची.

एक्स्चेंजच्या मॅडम मुलाखतीला शाळेतच आल्या. बाईंनी मला मिरवायला टेबलावर पेटवून ठेवले होते. एफी छान बोलली. शेवटी मॅडमनी विचारले, "तुलाच का घ्यावं आम्ही?"

एफीने छाती भरून श्वास घेतला. आपण प्रामाणिक आहोत, हे तिला सांगायचे होते.

"आय ॲम अ हॉनेस्ट गर्ल, मॅडम."

ज्योत मस्त वाकली. एफीने आनंदाने बाईंकडे पाहिले.

मॅडमनी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला. त्या शब्दातला 'ह' मुका असतो. 'ॲन ऑनेस्ट' म्हणायचे असते. तिची आई, तिची अख्खी गल्ली जन्मापासून तसेच म्हणते. तिच्या तोंडातले बरोबर बोलणे आम्हीच मोडून काढले होते.

"या पोरींचं हे असंच. कितीही शिकवा," थॉर्नलीबाई म्हणाल्या.

"पण बाई, ज्योत वाकली होती ना?" एफीने विचारले.

शेवटी ती जॅमच्याच कारखान्यात लागली. तिची धाकटी बहीण वर्गात सांगत होती, एफी हल्ली घरीसुद्धा बोलायच्या आधी अडखळते.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी पितळ आहे, घासले की पुन्हा चमकतो. मुलांचे तसे नसते.