फळ्यांखालची हवा

"दार लावा आधी, धूर हलायला नको," हेलसिंकीहून शाळेतली हवा तपासायला आलेली सातू म्हणाली. तिच्या हातातल्या काचेच्या नळीतून पांढरा धूर निघाला, कोपऱ्यात क्षणभर रेंगाळला आणि खोलीत वर चढला. म्हणजे जमिनीच्या लाकडी फळ्यांखालची हवा आत येत होती.

स्वयंपाकीण इर्या वाटाण्याचं सूप ढवळत बघत राहिली. जेवणघराची ही जमीन तिच्या नवऱ्यानं, वेइक्कोनं, गावातल्या बापांना जमवून घातली होती. पहिलीतल्या पोरांचे पाय गारठतात म्हणून इमारतीच्या जोत्यातली वाऱ्याची भोकंही त्यानंच बुजवली. गावानं तेव्हा त्याला डोक्यावर घेतलं होतं. आता तो चर्चमागच्या दफनभूमीत निजला होता, आणि त्याच्या मायेखाली ओल कोंडली होती.

"इथं कुणाला त्रास होतो का?" सातूनं विचारलं. "कुणी तसं सांगितलं, तर मला आजच फळी उघडता येते. नाहीतर परत जावं लागेल."

"अहो, फेब्रुवारीत आमची कुत्रीसुद्धा खोकतात!" मुख्याध्यापक ताइस्तो हसला.

सातू हसली नाही. "सोमवारी कमी आणि शुक्रवारपर्यंत वाढत जातो, असा खोकला?"

इर्याच्या हातातला डाव थांबला. रविवारी चर्चमध्ये ती मोकळ्या गळ्यानं गात असे. शुक्रवारी जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा तिला धापेशिवाय पुरी करता येत नसे. ताइस्तोला ते ठाऊक होतं. सकाळीच लाकडांच्या खोपटापाशी तो तिला म्हणाला होता, "शाळा एकदा बंद झाली की पुन्हा उघडायची नाही, इर्या. पोरं तास-तास बसमध्ये. मग दुकान जाईल, मग आपण. आणि नुसतं गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे."

त्याचं चुकत नव्हतं. तरीही ते तिला पटत नव्हतं.

तेवढ्यात लोकरी मोजे घातलेली पोरं आत आली. पहिलीतल्या आइलीनं दम्याचा पंप तोंडात मारला आणि ताटाशेजारी ठेवून दिला, चमचा ठेवावा तसा. दमा आमच्या घराण्यातच आहे, असं तिची आई सगळ्यांना सांगायची. सगळं गाव मान डोलवायचं.

इर्यानं हात जोडले. प्रार्थना सुरू केली आणि मध्येच थांबली.

"मी खोकते," ती सातूला म्हणाली. "शुक्रवारी एवढीशी प्रार्थनाही होत नाही माझ्याच्यानं."

"इर्या, अगं, वेइक्कोनं घातलेली जमीन आहे ती!" ताइस्तो म्हणाला.

"ठाऊक आहे. फळ्या ठोकताना कॉफी मीच नेऊन देत होते."

ताइस्तोनं टोपी घातली आणि तो बाहेर गेला.

पोरं जेवून गेल्यावर सातू करवत घेऊन उभी राहिली. "कुठून कापू?"

इर्यानं टेबल सरकवलं, वाकून एका फळीवर तळवा टेकला आणि जरासा तसाच राहू दिला.

"इथून काप. इथं खिळे कमी आहेत."

मग तिनं एप्रन सोडला, त्याची नीट घडी घातली आणि फळीपाशी खाली बसणाऱ्या सातूच्या गुडघ्यांखाली सरकवली.