रुमालाखाली आलेली शहरं

जकातनाके होते त्या काळातली गोष्ट. एका मोठ्या शहरात बैल विकायला नेत होतो. नाक्यावर पावती फाडली, आणि पुढं निघालो न निघालो तोच मागनं शिपाई पळत आला. म्हणाला, "बैलाची जकात भरलीत, सावलीची कोण भरणार? तीबी शहरातच शिरतीय न्हवं?" बैलही तसाच होता, त्याची सावली त्याच्यापेक्षा तगडी. मुकाट्यानं भरले पैसे. पण तवापासून कुठल्याही शहरात शिरायचं तर भर दुपारी बाराला, सावली खुरांखाली दडून बसलेली असताना.

आमच्या माकणी गावात ही गोष्ट कुणी खरी धरत नाही. बिराप्पा तर म्हणतो, "महालिंगप्पा, तुमच्या जिभेलाच जकात लावाय पायजे." लावा म्हणावं. मी खोटं बोलत नाही. खऱ्याची शिंगं तेवढी रंगवतो.

पण गेल्या मे महिन्यात मी कुठं गेलो नाही. शहरंच माझ्याकडं आली. तीही बरोबर बाराला.

त्याचं असं झालं. माझी लेक भुवनेश्वरी जनावरांची डॉक्टर आहे, आपल्या तालुक्याच्या लोहाऱ्यात. दर रविवारी स्कूटीवरनं येते, माझी भाकरी खाते, गोठ्यातल्या गाईचं पोट चाचपते आणि जाता जाता माझंही चाचपते. तिला बढती आली. चार शहरांतलं एक निवडायचं होतं: पुणे, नाशिक, कोल्हापूर नाहीतर नागपूर. सोमवारी नाव कळवायचं. नाही कळवलं तर बढती गेली. जावई नंदीश कॉम्प्युटरवर काम करतो, त्याची नोकरी पिशवीत मावते, त्यामुळं त्याला सगळी गावं सारखी. त्यानं रविवारी सकाळी कडुलिंबाखाली बाजेवर लॅपटॉप उघडला.

"मामा, हे बघा. पगारावरचा कर चारी ठिकाणी एकच. देश एक, राज्यही एकच. फरक पडतो तो घरभाड्यात, घरपट्टीत, पाणीपट्टीत."

"आन् दुधात."

"दूध घातलंय."

"ताक घातलंय का?"

"ताक?"

"फुकटचं ताक, जावईबापू. शेजारीण तांब्या भरून देती ते. आन् भाजी घेतल्यावर वर मूठभर कोथिंबीर टाकत्यात का न्हाय? डबा परत करताना त्यात काय घालून देत्यात का धुऊन रिकामाच?"

नंदीशनं मान खाजवली. "याचे रकाने नाहीत."

"मग कसला मेळ घालता?"

"आप्पा," भुवना वेणी पाठीवर फेकत म्हणाली, "छळू नका त्यांना. रात्रभर बसलेत ते."

छळत नव्हतो, पाडत होतो. मला चारी शहरं पाडायची होती. हयातभर बैलांची दलाली केलेल्या माणसाला सौदा जुळवता येतो तसा मोडताही येतो. सौदा मोडला की भुवना लोहाऱ्यात, आणि रविवार माकणीत.

"तुला स्वतःला कुठं जायचंय ते तरी सांग," नंदीश तिला म्हणाला.

तिनं गावालगतच्या धरणाच्या पाण्याकडं हात केला. "नागपूरला जनावरांचं मोठं इस्पितळ हाय. पाय मोडलेला बैल उभा करत्यात तिथं. पण लई लांब पडतं." मग माझ्याकडं वळली. "आप्पांना भाव करू द्या. आप्पा सौदा पक्का म्हणले तर मी नाव कळवते, न्हाय म्हणले तर न्हाय."

पाय मोडलेला बैल. लहान असताना ती माझ्या खांद्यावर बसून बैलबाजारात यायची. तिथं पाय मोडलेल्या बैलाला कुणी हात लावत नसे. असा एक बैल बघून ती घरापर्यंत रडत आली होती. अक्षरं गिरवायच्या आधी ती रुमालाखालची बोली शिकली. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो: बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. समोरच्यानं अंगठा दाबला की सौदा पक्का, आणि मग तो खुद्द महादेवानंही मोडायचा नाही. रुमालाबाहेर उभ्या असलेल्या शंभर माणसांना काहीसुद्धा कळत नाही.

मी म्हणालो, "बघू. जेवण जिरू दे." बाजेवर आडवा झालो आणि उन्हाची तिरीप नको म्हणून खांद्यावरचा रुमाल हातांवर ओढून घेतला.

धरणाचं पाणी तेव्हा इतकं पांढरं दिसत होतं, की कुणीतरी वर चुन्याची निवळी ओतली असावी. त्या पाण्यावरनं ती शहरं चालत आली. पाय भिजले नाहीत. सावली एकालाही नव्हती, शहाणी होती.

पुणं पुढं होतं. त्यानं रुमालाखाली हात घातला. मऊ हात, पण बोटं अशी देत होतं जणू उसनी देतंय. एक बोट भाड्याचं. दुसरं बोट भाड्याच्या आधी भरायच्या भाड्याचं. तिसरं गाडी उभी करायचं. मी विचारलं, वर काय देणार? पुण्यानं घड्याळ बघितलं. मी हात काढून घेतला.

नाशिकचा हात गार, नुकता नदीतनं काढल्यासारखा. भाव बरा सांगितला, पण दर वेळी बोट धरलं की ते जरा लांब व्हायचं. मी म्हणालो, "पाव्हणं, वाढतं बोट मला चालत न्हाय." ते हसलं आणि धुक्यात शिरलं.

कोल्हापूरच्या हातात माझा अख्खा हात हरवला. भाव राहू द्या, आधी जेवा, म्हणालं. या हाताशी भांडण करणं कठीण गेलं. शेवटी म्हणालो, "एवढं जेवून माझी लेक काम कवा करायची?" ते रुसून, खाकरून गेलं.

नागपूर कुठं दिसेना. लांबचा पल्ला, वाटेत एखाद्या झाडाखाली टेकलं असेल. मी खूष झालो. तेवढ्यात एक ओळखीचा हात आत आला. खरखरीत, ज्वारीच्या धांड्यासारखा, मातीचा वास असलेला. माकणी आली होती. माझं स्वतःचं गाव.

तिचा भाव तो काय! घरपट्टी करंगळीच्या नखाएवढी, पाणीपट्टी त्याहून कमी, ताक फुकट, कोथिंबीर फुकट. मी अंगठा दाबायला निघालो, आणि रिवाज म्हणून विचारलं, "अजून काय?"

माकणीनं पाची बोटं धरली.

"पाची कशाची?"

तिनं माझा हात धरणाकडं वळवला. पाण्याकडं बघितलं, तर तिथं आमचा जुना बाजार भरलेला. भुवना खांबाशी उभी, लहान होती तेवढीच. समोर पाय मोडलेला बैल बसलेला. दोघं एकमेकांकडं बघतायत. वेणी तिची पांढरी होत चालली होती, आणि ती जागची हलत नव्हती, बैलही उठत नव्हता. सगळ्या बाजारात लांब सावली तेवढी त्या दोघांचीच होती.

एवढा महाग भाव मला हयातीत कुणी सांगितला नव्हता. मी हात ओढायला लागलो. माकणी सोडेना.

मग दुसरा एक हात आत आला. लहानसा, पण घट्ट. जनावरं धरून धरून तळव्याला घट्टे पडलेले. त्यानं माकणीची बोटं एकेक करून अलगद सोडवली आणि माझी चार बोटं धरली. चार. नागपूर पोचलं वाटतं, असं मला वाटलं. मी वर काय देणार हे विचारलंही नाही. बाजारात हात ओळखीचा निघाला की विचारत नाहीत.

मी अंगठा दाबला.

डोळे उघडले तर भुवना बाजेच्या कडेला बसलेली. तिचा हात माझ्या रुमालाखाली.

"झाला सौदा, आप्पा," ती म्हणाली.

"अगं, झोपेत होतो मी!"

"रुमालाखाली झोप न्हाय आन् जाग न्हाय. तुमीच शिकवलंय."

नंदीश लॅपटॉप धरून उभा. "कसला सौदा? कुणाशी?"

"चौथ्या रकान्याशी," ती म्हणाली. मग माझा हात न सोडता मला विचारलं, "तुमी येता का तिकडं?"

"मी? मला तिथं कोण ओळखतं? आन् हितं माकणी रुसून बसलीय, तिची समजूत कोण काढणार?"

ती हसली, नाक पुसलं. "बरं, दलाली काय द्यायची?"

दलाल दोन्हीकडनं घेतो. नागपूरकडनं म्हणालो, एक पाय मोडलेला बैल उभा करून घेईन. आणि तिच्याकडनं? "दुपारी बाराला निघायचं," म्हणालो. "नव्या शहरात सावली नेली की तिची पट्टी लागती."

"आप्पा, आता कुठं हायत नाके?"

"तू बाराला निघ."

निघाली. बरोबर माथ्यावर ऊन असताना गाडीत बसली. तिच्या पायाशी पाहिलं, सावलीचा ठिपकासुद्धा नव्हता.

आता गावात दोन तट आहेत. म्हातारा झोपेत फसला, असं काही जण म्हणतात; म्हातारा जागाच होता, असं बाकीचे. बिराप्पानं तर परवा तोंडावरच विचारलं, "खरं सांगा महालिंगप्पा, अंगठा दाबताना जागे होता का?"

"बिराप्पा, रुमालाखालचं बाहेर सांगत न्हाईत."

"मग एकटे बसून हसता कशाला?"

एकटा कुठं? रविवारी ऊन कललं की धरणाकडनं एक सावली येते आणि बाजेच्या कडेला, भुवनाच्या जागी टेकते. बिराप्पा म्हणतो, ती कडुलिंबाची आहे. असेल.

पण कडुलिंबाच्या सावलीला वेणी असती का?