मानाची घागर

काहिलीनं तळ्याच्या मधोमध तिसरी गिरकी घेतली, तशी धुरपदाबाईनं डोळे मिटून तुळजाभवानीचा धावा सुरू केला.

"धुरपे, देवीला मागनं बोलव. आदी वल्हं हळू मार," रुद्रम्मा म्हणाली.

"आक्का, माजं पाय गार पडलं वो."

"पायानं न्हाय मारायचं, हातानं मारायचं."

आता काहील म्हणजे काय होडी नव्हे. गुऱ्हाळात रस उकळायची लोखंडी कढई ती. हंगाम सरला की पावसाळाभर रिकामी, म्हणून तळ्यात सोडलेली. तिला ना शेंडा ना बुडखा. दोघांनी दोन अंगांनी सारख्या नेटानं वल्हं मारलं तर सरळ जाते, नाहीतर जात्यासारखी जागच्या जागी फिरते. रुद्रम्मा सावकाश "हां... हां..." करत ठेका धरू लागली, आणि धुरपदाबाईचा हात हळूहळू त्या ठेक्यात बसला. दोघींच्या मध्ये, चुंबळीवर, तांब्याची घागर होती. सगळा जीव त्या घागरीत होता.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी डोंगरावरच्या महादेवाला पहिलं पाणी रुद्रम्माच्या नवऱ्याच्या, शिवलिंगप्पाच्या घरचं. आजा-पणजापासूनचा मान. आदल्या दिवशी घरच्या आडातून घागर भरायची, सरळ वाटेनं डोंगर चढायचा, ओवरीत मुक्काम करायचा आणि उजाडताना पाणी घालायचं. पुढं तळं झालं, वाट पाण्याखाली गेली. वाट बुडाली, नेम बुडाला नाही. वळसा घालून आणलेली घागर देवाला चालत नाही, म्हणून ही काहील. आणि ज्या साली घागर आली नाही, त्या साली मान पाटलाच्या घरी जाणार, असा ठराव सगळ्या गावाला पाठ होता.

यंदा शिवलिंगप्पाचा पाय मोडला होता. बांबूच्या कामट्या बांधून तो कट्ट्यावर पडून. पोरी उमरग्याकडं सासरी, मुलगा नाही. भाड्याच्या माणसाच्या हाती मान देता येत नव्हता.

"गेला मान," तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला होता.

"जातोय कशाला? म्या नेते की."

"बाईमाणूस?"

"अवो, तुमच्या गळ्यात इष्टलिंग हाय, तसं माज्याबी गळ्यात हाय. द्येवाला काय निराळं दिसतंय?"

त्यावर तो बोलला नाही. बोलला नाही म्हणजे हो, असं रुद्रम्मानं धरलं. संसारात तिनं बरंच काही असंच धरलं होतं. दुसऱ्या अंगाला वल्हं मारायला शेजारची धुरपदाबाई तेवढी बरोबर घेतली.

पलीकडच्या काठाला काहील टेकली तेव्हा दोघींच्या तळहातांना फोड आले होते. धुरपदाबाई चिखलात बसूनच हसायला लागली. पुढं डोंगर. निवडुंगातली पायवाट, निसरडा मुरूम, डोक्यावर भरली घागर. वाटेत घागर भुईला टेकवायची नाही, हाही नेमच. मान अवघडली की रुद्रम्मा झाडाच्या दुबेळक्यात घागर ठेवी आणि धुरपदाबाईकडून चिमूटभर तंबाखू घेई. वरून तळं दिसलं. केवढं पाणी ते! आणि आपण ते कढईतून पार केलं. रुद्रम्माचा ऊर भरून आला. आजवर ती हे सगळं नवऱ्याच्या तोंडून ऐकत आली होती, आणि त्यानं यातलं निम्मंही सांगितलं नव्हतं.

सोमवारी उजाडताना गाभाऱ्यापुढं माणसं दाटली. महांतप्पा पाटील घोड्यावरून वळसा घालून आदल्या सांजेलाच येऊन बसलेला. घागर आलेली बघून तेव्हाच त्याचं तोंड उतरलं होतं. जंगमस्वामींनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "मान कुणाचा?"

इथं आणणाऱ्यानं घरच्या कर्त्याचं नाव खणखणीत सांगायचं. आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव रुद्रम्मानं कधी ओठांवर आणलं नव्हतं. उखाण्यात घेता आलं असतं, पण हे काय डोहाळजेवण होतं?

"म्या सांगतो की," महांतप्पा पुढं झाला. "बाईला कशाला—"

"थांबा पाटील. घागर म्या आणली, म्याच सांगते."

तिनं पदर सारखा केला. "रुद्रम्माचा."

सगळ्यांनी स्वामींकडं पाहिलं. मग स्वामींनी मान डोलावली, शिंग वाजलं, आणि जमलेली माणसं ओरडली, "रुद्रम्माचा मान!" पाणी पिंडीवर पडलं.

उतरताना मात्र तिच्या मनात घोळू लागलं. आजा-पणजाचं नाव सोडून आपलं घेतलं. मालकाला काय वाटंल? धुरपदाबाई बडबडत होती, रुद्रम्मा निमूट वल्हं मारत होती. काहील एकदाही फिरली नाही.

घरी पोचली तर कट्ट्यापुढं माणसं. महांतप्पा घोड्यावरून आधीच पोचलेला.

"काय शिवलिंगप्पा," तो म्हणत होता, "आजवर तुमच्या घराण्याचं नाव निगायचं. आता मान कुणाचा म्हणायचा?"

रुद्रम्मा रिकामी घागर घेऊन खालीच थबकली. शिवलिंगप्पानं तिच्याकडं पाहिलं. चिंध्या बांधलेल्या हातांकडं पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यानंही तिला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. 'अगं'वर सगळं भागत होतं.

"त्यात इचारायचं काय पाटील?" तो म्हणाला. "रुद्रम्माचा."

मग मोडका पाय दोन्ही हातांनी उचलून त्यानं जरा अलीकडं घेतला आणि कट्ट्यावर जागा केली.

"बस," तो म्हणाला.

बाप्यामाणसांच्या देखत ती त्या कट्ट्यावर कधी टेकली नव्हती. तिनं घागर खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली.